बाई, यांनी राब भाजला नाही?

मंडळी, आज चूल, गोठा आणि शेत बाजूला ठेवून शाळेतले सांगणार आहे. कारण असे, की गेले दीड वर्ष मी स्वतःच विद्यार्थिनी झाले आहे. पनवेलच्या एका अध्यापक विद्यालयात डी.एल.एड. करते आहे. जुनी माणसे त्याला अजून डी.एड.च म्हणतात, तुम्हीही तसेच म्हणा. दोन मुलांची आई, घरी भाताची थोडी शेती, दारात एक म्हैस, आणि सकाळच्या एसटीने पाठीला दप्तर लावून निघते. पहिले काही दिवस वाटेत बाया विचारायच्या, "काय गो, दवाखान्यात चाललीस काय?" शाळेत चालले म्हटले की तोंडाला पदर लावून हसायच्या. आता त्यांनाही सवय झाली.

शिकायला निघाले तेव्हा वाटले होते, फळ्यावरचे अक्षर सुधारायचे, तक्ते काढायचे, गोष्ट रंगवून कशी सांगावी ते शिकायचे. ते सगळे आहेच. पण वेळापत्रकात एक तास दिसला, त्याचे नाव माहिती संप्रेषण तंत्रज्ञान. नाव वाचूनच निम्म्या जणींचा घसा कोरडा पडला. म्हणजे संगणक, प्रोजेक्टर, भिंतीवरचा मोठा टीव्ही, मोबाईल, पेनड्राइव्ह ही साधने वर्गात वापरून शिकवायला शिकायचे.

मोबाईल माझ्याकडे होता. निरोप पाठवणे, लग्नाचे फोटो बघणे, बाजारभाव बघणे एवढे येत होते. पण फोन वापरणे वेगळे आणि फोनने शिकवणे वेगळे. चुलीवर आपल्या घरापुरता भात शिजवणारी बाई लग्नाच्या पंगतीचा भात शिजवायला उभी राहिली म्हणजे तिची जी गत होते, ती माझी झाली. संगणकाच्या खोलीत एकेका संगणकापुढे आम्ही चौघी-चौघी. जिला येते तीच माऊस धरणार, बाकीच्या माना लांब करून बघणार. शिकवायला आलेले गृहस्थ हुशार होते, पण त्यांचे बोट इतके भराभर चाले की मी वहीत पहिली ओळ लिहीपर्यंत ते पाचव्या पायरीवर असत.

शेवटी गुरू घरातच सापडला. माझा सातवीतला मुलगा. रात्री जेवणे झाली की ओसरीवर आमचा तास भरे. एकदा तो वैतागून म्हणाला, "आई, तू बटण दाबतेस का भाकरी थापतेस?" सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाकरी पण तुझी आई एका दिवसात नाय शिकली रे. माझ्या हातच्या किती करपलेल्या खाल्ल्यात तुझ्या आज्यानं, विचार त्यांना." मग मी एक युक्ती केली. पाककृती लिहितात तसे सगळे वहीत लिहून काढले. आधी वायर जोडायची, मग टीव्ही लावायचा, मग पेनड्राइव्ह घालायचा, मग आवाज बघायचा, आणि हे सगळे मुले वर्गात येण्याआधी. त्या वहीला तेलाचे, हळदीचे डाग पडले आहेत, पण अजून ती माझ्या पिशवीत असते.

पहिला सराव पाठ मी मोठ्या हौसेने संगणकावर तयार केला. अक्षरे डावीकडून उडत येत, फिरत, मग जागेवर बसत. फुलपाखरे होती, संगीत होते. मुले डोळे फाडून बघत होती. मला वाटले, जिंकले! पाठ संपल्यावर निरीक्षक बाईंनी शेरा लिहिला, तो तसाच सांगते : "मुले पडद्याकडे पाहत होती. छात्राध्यापिकाही पडद्याकडेच पाहत होती." रडू आले. पण घरी जाताना एसटीत विचार केला, बाईंचे चुकले कुठे? कोणत्या मुलाला कळले, कोणाला नाही, हे मी चाळीस मिनिटांत एकदाही बघितले नव्हते.

अलीकडे तर आणखी सोय झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले की फोन पाठाचे टाचणही लिहून देतो. आमच्यातल्या तिघींनी एकाच विषयाचे टाचण असे करून आणले. तिन्ही एकाच साच्यातल्या गणपतीसारखी निघाली, फक्त नावे वेगळी. मी हे नाक मुरडून सांगत नाही. मीही विचारते, कठीण शब्दाचा अर्थ विचारते, गणिताची उदाहरणे मागते. पण माझ्या वर्गात कोण उपाशी आले आहे, कोणाचा बाप परवा गेला, हे त्या फोनला ठाऊक नसते.

आता थोडे मागे जाऊ. शाळेत यंत्र येण्याची ही काही पहिली वेळ नाही. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 1987 साली खडू-फळा योजना निघाली. शाळेला निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि नकाशे, तक्ते, विज्ञानाची पेटी असे साहित्य मिळावे हा तिचा हेतू. हेतू उत्तम. पण मी ज्या शाळेत शिकले तिथे ती विज्ञानाची पेटी कपाटात कुलूपबंद असे. वस्तू फुटली तर भरून कोण देणार, या भीतीने गुरुजी ती काढतच नसत. वर्षातून एकदा पेटी उघडायची, वस्तू मोजायच्या आणि पुन्हा कुलूप. भिंगातून मुंगी बघायची माझी इच्छा राहूनच गेली. ती मी गेल्या वर्षी, या वयात, अध्यापक विद्यालयात पुरी केली.

मग दूरदर्शनवर बालचित्रवाणीचे कार्यक्रम आले. पुण्याला 1984 साली ही संस्था निघाली आणि मुलांसाठी मराठीतून शेकडो कार्यक्रम तिने केले. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असतील. आम्ही शेजारच्या घरात दाटीवाटीने बसून बघायचो. 2017 साली ही संस्था बंद झाली. मला अजून वाईट वाटते.

आणि त्याही आधीची गोष्ट रेडिओची. ही मी विद्यालयाच्या पुस्तकात वाचली, आणि तुम्हा शेतकरी कुटुंबांना सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती तुमच्यासारख्यांचीच आहे. 1956 साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने 150 गावांत ग्रामीण श्रोते मंडळांचा प्रयोग केला. गावातली पंधरा-वीस माणसे संध्याकाळी रेडिओभोवती बसायची, अर्धा तास शेतीचा, आरोग्याचा, गावाचा कार्यक्रम ऐकायची. असे एकूण 20 कार्यक्रम झाले. पण खरी गंमत रेडिओ बंद केल्यावर होती. माणसे आपसात बोलायची, वाद घालायची, आपल्या गावात हे जमेल का ते ठरवायची, आणि अडलेले प्रश्न आकाशवाणीला लिहून पाठवायची. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत मिळायची. ज्या गावांत अशी मंडळे होती तिथे लोकांना जास्त समजले, आणि ज्या गावांत नुसताच रेडिओ होता तिथे फारसा फरक पडला नाही, असे तपासणीत दिसून आले. आमच्या विद्यालयात हे एका ओळीत उरकले होते. माझे मन मात्र तिथेच अडकून राहिले, त्याचे कारण आता सांगते.

आम्हाला आंतरवासिता असते. म्हणजे ठरावीक आठवडे खऱ्या शाळेत जाऊन शिकवायचे. माझ्या वाट्याला माथेरानच्या डोंगराखालची एक छोटी शाळा आली. पनवेल तालुका तुम्हाला नकाशात कसाही दिसो, त्याची दोन तोंडे आहेत. एका बाजूला नवी मुंबईचा विमानतळ, ज्याचे उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झाले. मोठमोठ्या इमारती, महानगरपालिका. दुसऱ्या बाजूला डोंगराच्या कुशीतल्या ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या वाड्या, जिथे फोनला रेंज हवी असेल तर एका ठरावीक दगडावर चढून उभे राहावे लागते. वाडीतल्या पोरांनी त्या दगडाला टॉवरच नाव ठेवले आहे.

शाळेच्या भिंतीवर चांगला मोठा टीव्ही होता. देणगीतून मिळालेला. वर प्लास्टिक तसेच, सासरी नव्या आलेल्या सुनेसारखा झाकलेला. मुख्याध्यापकांनी मोकळ्या मनाने चावी दिली. आषाढ महिना, बाहेर धो-धो पाऊस, चौथीचा वर्ग, परिसर अभ्यास. विषय भातशेती. मी इंटरनेटवरून एक सुंदर चित्रफीत उतरवून आणली होती. हिरवीगार शेते, यंत्राने ओळीत होणारी लावणी, मागे मधुर आवाजात माहिती सांगणारी बाई. यावेळी मी पडद्याकडे पाठ करून मुलांकडे तोंड करून उभी होते, शेरा विसरले नव्हते. निरीक्षक बाई मागच्या बाकावर वही उघडून बसलेल्या.

मुले बघत होती, पण गप्प. चित्रफितीतली बाई म्हणत होती, "रोपवाटिकेतील रोपांची पुनर्लागवड केली जाते." माझ्या लक्षात आले, शेतकऱ्यांच्याच या पोरांना शेतीचे हे वाक्य कळलेले नाही. आणि तेवढ्यात वीज गेली.

मंडळी, खोटे सांगत नाही, पायाखालची जमीन सरकली. टाचणात पुढची पंधरा मिनिटे चित्रफितीचीच होती. फळ्यावर लिहावे तर अंधार. पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की माझाच आवाज मला येत नव्हता. आणि त्या अंधारात मागच्या रांगेतून एक आवाज आला. ती मुलगी वाडीवरची. तीन आठवड्यांत हजेरीला "हजर" यापलीकडे ती एक अक्षर बोलली नव्हती. ती म्हणाली, "बाई, यांनी राब भाजला नाही?"

मी म्हटले, "म्हणजे गं?"

"राब भाजल्याशिवाय आवण कसं होईल?"

वर्ग एकदम जागा झाला. आवण! रोपे-बिपे काही नाही, आवण. एकजण म्हणाला, आमच्याकडे राब भाजायला शेण आणि ऐनाचा टहाळ घालतात. दुसरा म्हणाला, पालापाचोळा पण. तिसरी म्हणाली, वर माती पसरतात, नाहीतर भडका उडतो. का भाजतात, असे मी विचारले. "रान मरतं बाई," ती मुलगी म्हणाली. "आणि आवण काढताना सुटं येतं." राखेने जमिनीला पालाश मिळते हे मी त्यात घातले. मग एकाने विचारले, टहाळ तोडून तोडून झाडे संपली तर? मला तोंडात बोट घालायची पाळी आली. हाच प्रश्न कृषी खात्याची माणसे गेली कित्येक वर्षे विचारत आहेत. राबाऐवजी गादीवाफा करा, चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची राख वाफ्यात मिसळा आणि गिरिपुष्पाचा पाला चिखलात घाला, असे ती सांगतात. मी तेही सांगितले. एक मुलगा म्हणाला, आमच्या आजोबांना सांगतो, पण ते नाय ऐकायचे. सगळा वर्ग हसला, मागे निरीक्षक बाईही हसल्या.

वीज पाठ संपेपर्यंत आलीच नाही. शेवटची पाच मिनिटे मी फोनवर काही आवाज ऐकवायचे ठरवले होते. पहाटे बेडकांचे, पाण्याच्या पाटाचे, लावणीच्या बायांच्या बोलण्याचे आवाज मी बांधावर उभी राहून फोनमध्ये भरून घेतले होते. पण पत्र्यावरच्या पावसात फोनचा आवाज कोणाला येणार? तर एक पोरगा पळत जाऊन खिचडीचा रिकामा टोप घेऊन आला. "बाई, यात ठेवा." फोन टोपात ठेवला आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटला. तुम्हीही करून बघा, स्टीलच्या पेल्यातसुद्धा होते. चारी दिशांना विखरणारा आवाज भांड्याच्या भिंतींवर आपटून एकाच बाजूने बाहेर येतो, म्हणून तो मोठा वाटतो. मुले टोपाभोवती डोकी खुपसून कुठला आवाज कशाचा ते ओळखत बसली.

त्या पाठाला मला चांगले गुण मिळाले. पण गुणांपेक्षा त्या मुलीचा प्रश्न मनात राहिला. चित्रफीत वाईट नव्हती. ती बघितली म्हणूनच तर मुलीला राब नाही हे दिसले. नुसते मी पुस्तकातून वाचले असते तर ती बोलली असती की नाही, देव जाणे. पण वीज गेली नसती तर मी तिला बोलायला जागा दिली असती का, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. टाचणाप्रमाणे मी चित्रफीत शेवटपर्यंत चालवली असती आणि खाली पाच प्रश्न विचारून मोकळी झाले असते. रेडिओ बंद केल्यावर बोलणारी ती 1956 ची माणसे मला तेव्हा आठवली.

रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव तुम्ही ऐकले असेल. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी म्हणून छोटे गाव आहे, तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत ते शिकवत. 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पेपरात आले ते बक्षिसाचे आणि क्यूआर कोडचे. पण मला त्यांच्या कामातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. शाळेतल्या मुलांची घरची भाषा कन्नड होती. पुस्तक त्यांच्या भाषेत नव्हते, म्हणून गुरुजींनी आधी ते मुलांच्या भाषेत आणले. पानावर चौकोनी कोड छापून त्याला आवाज आणि चित्रे जोडणे ही पुढची पायरी. पुढे 2017 पासून बालभारतीच्या पुस्तकांतच असे कोड येऊ लागले.

तुमच्या घरातले पाठ्यपुस्तक उघडून बघा. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला दिसेल. तोच क्यूआर कोड. दीक्षा नावाचे सरकारी अॅप फोनमध्ये घेऊन त्यातून तो चौकोन टिपला की त्या धड्याचे साहित्य समोर येते. अॅपला पैसे पडत नाहीत, नेट तेवढे लागते. बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये असताना धडा उतरवून ठेवता येतो, मग घरी नेट नसले तरी चालते. पण एक करा. पोराच्या हातात फोन देऊन तुम्ही भांडी घासायला निघून जाऊ नका. निदान शेवटची पाच मिनिटे जवळ बसा आणि विचारा, काय दाखवलं रे, मला सांग बघू. आपल्याला लिहिता-वाचता येत नसले तरी हे विचारता येते. माझ्या सासूबाई चौथी नापास आहेत, पण त्या असे काही प्रश्न विचारतात की नातवाला धडा पुन्हा बघावा लागतो.

करोनाच्या काळात, मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या, तेव्हा या सगळ्याची परीक्षा झाली. अभ्यास फोनवर आला आणि फोन एकच, तोही बापाच्या खिशात, बाप कामावर. तेव्हा लोकांनी काय काय केले! सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' मालिका सुरू झाली. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळ गावात ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले, येता-जाता मुले वाचत. भिंत आणि रंग, वीज नको की रेंज नको. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेने तर त्याच्या कितीतरी आधी सूर्याच्या विजेवर डिजिटल वर्ग चालवून दाखवला होता. आमच्या शाळेच्या पत्र्यावर तशी एखादी पाटी असती तर, असे मला त्या आषाढात फार वाटले.

आणखी एक सांगून ठेवते. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात पंचाहत्तर टक्के पालक असायला हवेत आणि समितीत निम्म्या बायका. पुष्कळ ठिकाणी बायका सही करून येतात. तुमच्यापैकी कोणी सभासद असेल तर पुढच्या सभेला एवढे विचारा : आपल्या शाळेतला टीव्ही गेल्या महिन्यात किती वेळा लागला, त्याची चावी कोणाकडे आहे, आणि विजेचे बिल कोण भरते? रागाने नको, आपल्या घरच्या पंपाची चौकशी करावी तसे.

तर पुढे काय झाले ते. त्या मुलीची आजी दुसऱ्याच्या शेतावर लावणीला जाते. एका रविवारी मी मुलीला घेऊन त्या बांधावर गेले. माझा फोन तिच्या हातात दिला, धरायचा कसा ते दाखवले. आजी आधी लाजली, मग चिखलात उभी राहून आवणाची मूठ कशी धरायची, तीन बोटांनी रोप कसे टोचायचे, खोल गेले तर फुटवे का कमी येतात, हे असे सांगू लागली की मी थक्क झाले. खारीकडच्या जमिनीत काय पेरतात तेही तिला ठाऊक होते. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, तिथून खाऱ्या जमिनीत तग धरणारी पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 अशी भाताची वाणे निघाली. आपल्या तालुक्याच्या नावाचे भात आहे, हे वर्गात एकाही मुलाला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही त्याच आठवड्यात कळले.

सोमवारी शाळेत वीज होती. टीव्हीवर आजी दिसली. चित्र हलत होते, मध्येच अंगठा आडवा आलेला, आवाजात वारा. पण मुलांनी ती तीन वेळा बघितली. आणि त्या मुलीने, जी कधी बोलत नसे, पुढे उभे राहून प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला. घरच्या बोलीतला शब्द, मग पुस्तकातला शब्द. मी फळ्यावर दोन रकाने करून लिहीत गेले. त्या दिवशी वर्गात शिकवत ती होती आणि लेखनिक मी.

दिवाळी झाली आणि ती शाळेतून गेली. घरचे वीटभट्टीवर निघाले. दर वर्षी जातात, पाऊस तोंडावर आला की परत येतात. भिंतीवरचा टीव्ही काही मुलांच्या मागे भट्टीवर जात नाही. मुख्याध्यापकांनी शिक्षण हमी पत्रक करून दिले, म्हणजे जिथे जातील तिथल्या जवळच्या शाळेत तिला बसता येईल. पण भट्टीपासून शाळा किती लांब, आणि धाकट्या भावाला सांभाळणार कोण, हे पत्रकात कुठे लिहिलेले असते?

मी एवढेच केले. तिच्या बापाकडे बटणांचा साधा फोन होता, गाणी ऐकायचा, आत मेमरी कार्ड. रात्री ओसरीवर बसून मी मराठीचे सात धडे आणि पाढे मोठ्याने वाचून भरले, अधूनमधून थांबून "आता तू म्हण" असे सांगत. एका धड्यात आमची म्हैस हंबरली आहे, तो पुन्हा भरायला वेळ नव्हता. कार्ड तिच्या बापाच्या फोनमध्ये घालून दिले आणि कसे लावायचे ते तिला दाखवले. शिकायला तिला दोन मिनिटेही लागली नाहीत.

माघात माझी आंतरवासितेची दुसरी फेरी सुरू झाली. वाडीवर एका लग्नासाठी तिचा बाप दोन दिवस आला होता. शाळेच्या कुंपणापाशी उभा राहिला, आत येईना. मीच बाहेर गेले. म्हणाला, "बाई, कार्ड भरलंय. जागा नाय म्हणून मी दोन धडं पुसलं, गाणी टाकली." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाला, "पोरगी लय भांडली माझ्याशी. म्हशीवाला पुसलास म्हणून."

कार्ड त्याने कागदाच्या पुडीत बांधून आणले होते. मी ते घेतले. गाणी तशीच ठेवली, जागा करायला दुसरे मोठे कार्ड घातले, पाच जुने धडे आणि सहा नवे भरले. म्हशीवालाही शोधून पुन्हा घातला. तो भट्टीवर परत गेला त्याला आता तीन आठवडे झाले.

बरे तर, म्हशीचेच नाव निघाले, तिच्या धारेची वेळ झाली. पुढच्या अंकात उन्हाळ्यात वैरण टिकवण्याचे सांगेन, त्याविषयी तुम्हाला काही ठाऊक असेल तर जरूर कळवा.